पराणी कोणाच्या हाती?

एका वाचकाच्या दीर्घ पत्राचा सारांश असा: "मी एका माध्यमिक शाळेत सव्वीस वर्षे गणित शिकवले आणि गेल्या जूनपासून त्याच शाळेचा मुख्याध्यापक आहे. संयमी माणूस अशीच माझी ओळख. वीस वर्षांत चहा घेतलेला नाही, एकादशी चुकवलेली नाही, पहाटे साडेचारला उठतो. पण खुर्चीत बसल्यापासून मी बदललो आहे. दिवाळीनंतर एका शिक्षणसेवकाची टाचण वही, म्हणजे पाठांच्या पूर्वतयारीची वही, अपुरी दिसली म्हणून मी ती स्टाफरूममध्ये चौदा जणांसमोर भिरकावली. वहीची पाने सुटून पंख्याखाली उडाली आणि ती शिपायाने गोळा केली. तो मुलगा मान खाली घालून उभा राहिला. (एक बाई मध्येच 'सर, आता पुरे' म्हणाल्या. त्यांच्याकडचे परीक्षा विभागाचे काम नंतर मी दुसऱ्याकडे दिले आणि दोन आठवडे त्यांच्याशी बोललो नाही, पण तो वेगळा विषय आहे.) घरी पत्नी म्हणते, तुमची गाडी फाटकाशी वाजली की मुले टीव्ही बंद करतात. मी गीतेतली स्थितप्रज्ञाची लक्षणे रोज म्हणतो, मार्कस ऑरेलियसची आत्मचिंतने वाचतो. महिन्यातून एक दिवस मौन पाळावे का? आणि एक प्रश्न मनातून जात नाही. सत्तेने मी बिघडलो, की माझा संयम मुळात खरा नव्हताच?"

सप्रेम नमस्कार.

तुमचे पत्र मी तीनदा वाचले आणि तिन्ही वेळा माझी नजर कंसातल्या त्या दोन वाक्यांवर अडली. तो वेगळा विषय नाही, सर. वही भिरकावणे हा एका क्षणाचा राग होता, पण बाईंचे काम काढून घेण्यासाठी तुम्हाला शांत डोक्याने कागद घ्यावा लागला असेल, नवे नाव लिहावे लागले असेल आणि खाली सही करावी लागली असेल. पहिल्या कृतीची तुम्हाला लाज वाटते आणि दुसरीची आठवण तुम्ही कंसात ठेवून पुढे गेलात, म्हणून मी दुसरीला अधिक गंभीर मानतो.

आधी तुमच्या शेवटच्या प्रश्नाकडे येतो. वीस वर्षे चहा न घेणे हा खरा नेम आहे आणि त्याला लागणारे मनाचे बळही खरे आहे. पण चहाच्या कपावर कोणाची सत्ता चालत नाही आणि कोणी कितीही चिडले तरी त्या कपाचे काही बिघडत नाही. रागाची गोष्ट निराळी आहे. सव्वीस वर्षे तुमच्या डोक्यावर मुख्याध्यापक होते, संस्थेचे पदाधिकारी होते, तपासणीला येणारे अधिकारी होते, आणि बरोबरीचे सहकारी तर असे होते की तुम्ही एक शब्द वाकडा बोललात तर तिथल्या तिथे दोन ऐकवले असते. तुमच्या रागाला जी वेस होती तिची अर्धी भिंत तुम्ही बांधलेली होती आणि अर्धी त्या व्यवस्थेने. तुम्ही मात्र सगळी भिंत स्वतःच्या नावावर मांडत आलात. जूनमध्ये व्यवस्थेची अर्धी भिंत पडली. तेव्हा तुमचा संयम खोटा होता असे मी म्हणणार नाही, आणि सत्तेने चांगला माणूस बिघडवला असेही म्हणणार नाही. जो संयम अर्धा होता त्याला पहिल्यांदाच एकट्याने उभे राहावे लागले आणि तो तोकडा पडला.

हाच प्रश्न शेक्सपिअरने एका नाटकात अगदी मुळापासून धसाला लावला आहे. 'मेझर फॉर मेझर' हे ते नाटक, आणि १६०४ सालच्या डिसेंबरात त्याचा प्रयोग इंग्लंडच्या राजदरबारात झाला होता. व्हिएन्नाचा ड्यूक आपण परदेशी जात असल्याचे सांगून सर्व अधिकार अँजेलो नावाच्या अतिशय विरक्त, कडक माणसाच्या हाती देतो आणि स्वतः भिक्षूच्या वेषात शहरातच राहतो. अधिकार आला की माणसाचा हेतू बदलतो का, हे त्याला पाहायचे आहे. अँजेलो एका तरुणाला लग्नाआधीच्या संबंधांसाठी देहदंड सुनावतो. त्या तरुणाची बहीण इझाबेला जोगीण होण्याच्या वाटेवर असते. ती भावासाठी दयेची याचना करायला येते, आणि ज्याच्या रक्तात बर्फाचे पाणी वाहते असे लोक म्हणत तो अँजेलो भावाच्या प्राणांच्या बदल्यात तिचे शरीर मागतो. इथवरची गोष्ट ढोंगी माणसाची म्हणून सोडून देता आली असती. पण इझाबेला जेव्हा "मी हे जगाला ओरडून सांगेन" असे म्हणते तेव्हा अँजेलो जे उत्तर देतो, त्यासाठी हे नाटक वाचावे. तुझ्यावर विश्वास कोण ठेवील, असे तो विचारतो, आणि आपल्या बाजूला काय काय आहे ते मोजून दाखवतो: डाग नसलेले नाव, व्रतस्थ आयुष्य, राज्यातले पद. म्हणजे त्याचा आजवरचा संयम त्या क्षणी त्याच्या हातातले सर्वांत धारदार शस्त्र होतो.

तुमची आणि अँजेलोची तुलना करण्याचा माझा हेतू नाही, त्याचा गुन्हा कुठल्या कुठे आहे. मला त्यातला एवढाच धागा तुमच्यासमोर ठेवायचा आहे की, उद्या त्या शिक्षणसेवकाने कोणापाशी तक्रार केली, तर ऐकणारा प्रथम काय म्हणेल? "सर? छे, सर असे करणारच नाहीत. वीस वर्षांत चहासुद्धा घेतला नाही त्यांनी." तुमचा नेम त्या मुलाच्या तोंडावरचा हात झाला आहे. हे तुम्ही ठरवून केलेले नाही, पण झाले आहे.

आता ज्या पुस्तकाने तुमच्या प्रश्नाला सरळ उत्तर दिले आहे तिकडे येऊ. कौटिल्याचे 'अर्थशास्त्र' शतकानुशतके नावापुरते उरले होते. म्हैसूरच्या आर. शामशास्त्री यांच्या हाती त्याची पोथी आली आणि १९०९ साली ते छापून निघाले. पुढे र. पं. कंगले यांनी मुंबई विद्यापीठासाठी त्याची चिकित्सक आवृत्ती सिद्ध केली आणि मराठी भाषांतरही केले, त्यामुळे तुम्हाला ते आपल्या भाषेत वाचता येईल. कर, किल्ले, हेर, दंड, युद्ध यांवरचा हा रोखठोक ग्रंथ आहे, पण त्याच्या पहिल्याच अधिकरणाचे नाव 'विनयाधिकारिक' असे आहे, आणि त्याच्या सहाव्या अध्यायात कौटिल्य सांगतो, "कृत्स्नं हि शास्त्रमिदमिन्द्रियजयः", हे सगळे शास्त्र म्हणजेच इंद्रियांवरचा विजय. काम, क्रोध, लोभ, मान, मद आणि हर्ष या सहांपायी कोण कोण बुडाले याची यादी तो देतो. त्यात रावण आहे, आणि तो कामाच्या रकान्यात नाही. परस्त्री परत द्यायला तयार झाला नाही म्हणून कौटिल्य त्याला मानाच्या रकान्यात घालतो, आणि राज्याचा वाटा न देणाऱ्या दुर्योधनाला त्याच्याच शेजारी बसवतो. माझ्या मते हे वर्गीकरण फार मार्मिक आहे, कारण चूक हातून घडली हे कळल्यावरही मागे न फिरण्याचे कारण बहुतेक वेळा मान हेच असते. वही भिरकावलीत तेव्हा क्रोध होता. बाईंचे काम काढलेत तेव्हा मान होता.

पण खरी गंमत सातव्या अध्यायात आहे. सहा शत्रूंना जिंकावे, हे सांगून कौटिल्य थांबत नाही. आधी तो म्हणतो, "न निःसुखः स्यात्", राजाने सुखाला पारखे होऊ नये, धर्म आणि अर्थ यांना बाधा न आणता सुख घ्यावे. आणि मग तो असे वाक्य लिहितो की ज्याला आपण आत्मसंयम म्हणतो त्याची कल्पनाच बदलते. आचार्यांना किंवा अमात्यांना राजाने मर्यादा म्हणून नेमावे, ते त्याला धोक्याच्या जागांपासून आवरतील आणि तो एकांतात चुकू लागला तर "छायानालिकाप्रतोदेन" त्याला टोचतील. छाया म्हणजे सावलीवरून कळणारी वेळ, नालिका म्हणजे पाण्याच्या घड्याळाचे माप, आणि प्रतोद म्हणजे चाबूक किंवा पराणी, गाडीवान बैलाला टोचतो ती. राजा भलत्या नादात बसला असेल तर अमात्याने जाऊन "महाराज, आता अमुक प्रहर झाला" असे म्हणावे, आणि त्या एवढ्याशा वाक्याने त्याला टोचावे. राजाला टोचण्याचा हक्क राजानेच दुसऱ्याच्या हाती द्यायचा, अशी ही योजना आहे. कौटिल्य काही साधुपुरुष नव्हता आणि हे तो राजाच्या मोक्षासाठी सांगत नाही, राज्य टिकावे म्हणून सांगतो. म्हणूनच त्याच्या म्हणण्याला वजन आहे. ज्याला माणसाच्या चांगुलपणाचा फारसा भरवसा नव्हता तो म्हणतो आहे की सत्ताधाऱ्याचा संयम एकट्याच्या बळावर चालत नाही, "चक्रमेकं न वर्तते", गाडा एका चाकावर जात नाही.

आता स्टाफरूममधल्या त्या दिवसाकडे पुन्हा पाहा. चौदा माणसे होती. त्यांतले तेरा गप्प राहिले, आणि एका बाईंनी तीन शब्द उच्चारले, "सर, आता पुरे." राजाने शोधून नेमावे असे जे माणूस कौटिल्य सांगतो, ते तुम्हाला न मागता मिळाले होते. तुम्ही त्याच्या हातची पराणी काढून घेतलीत. ही गोष्ट बाकीच्या तेरा जणांनी पाहिली आहे, आणि यापुढे त्यांच्यापैकी कोणी कशासाठी तोंड उघडील?

होमरच्या 'ओडिसी'च्या बाराव्या सर्गात हाच विचार दृश्यरूपाने आला आहे. सायरन नावाच्या समुद्रकाठच्या मायाविनींच्या गाण्याने खलाशी भान हरपून मरतात हे ठाऊक असल्याने ओडिसियस सोबत्यांच्या कानांत मेण भरतो आणि स्वतःला डोलकाठीला बांधून घेतो, कारण त्याला गाणे तर ऐकायचे आहे. आत्मसंयमाची कथा म्हणून ही सांगितली जाते, पण दोर कोणी बांधले आहेत ते पाहावे. त्याने आधीच सांगून ठेवले आहे की, मी सोडा म्हणून विनवले तर आणखी घट्ट बांधा. आणि गाणे ऐकू येताच तो भुवयांनी खुणा करतो, तेव्हा पेरिमिडीस आणि युरिलोकस उठून त्याचे दोर खरोखरच आणखी आवळतात. तो त्यांचा राजा आहे आणि त्या घटकेला त्याची आज्ञा न मानणे हीच त्याची आज्ञा आहे. किनारा मागे पडल्यावर ते त्याला सोडवतात, आणि त्याने त्यानंतर कोणाला शिक्षा केली असे होमर सांगत नाही.

मार्कस ऑरेलियस तुमच्या उशाशी आहे, हे वाचून मला बरे वाटले. इ. स. १६१ ते १८० अशी एकोणीस वर्षे तो रोमचा सम्राट होता आणि स्वतःला बजावत होता की सीझर होऊन बसू नकोस, त्या रंगात बुडू नकोस. पण बहुतेक वाचक त्या पुस्तकाचा पहिला भाग भराभर उलटतात, कारण त्यात उपदेश नाही. कोणाकोणाकडून आपण काय घेतले याचे ते ऋणपत्र आहे. त्यात रस्टिकस नावाचा गुरू येतो. आपल्या स्वभावाला दुरुस्तीची गरज आहे ही जाणीव मला रस्टिकसमुळे झाली, असे सम्राट लिहितो, आणि पुढे देवांचे आभार मानताना म्हणतो की, मी रस्टिकसवर अनेकदा रागावलो, पण पुढे पस्तावा व्हावा असे काही माझ्या हातून घडले नाही. टोचणाऱ्याचा राग सम्राटालाही येत होता, यात तुम्हाला धीर आहे. राग आल्यावर त्याने रस्टिकसचे काम दुसऱ्याकडे दिले नाही, यात तुमच्यासाठी धडा आहे. आणि तुम्ही रोज म्हणता त्या स्थितप्रज्ञाच्या श्लोकांतच दुसऱ्या अध्यायाचा साठावा श्लोक आहे, "यततो ह्यपि कौन्तेय", प्रयत्न करणाऱ्या जाणत्या पुरुषाचेही मन इंद्रिये बळजबरीने ओढून नेतात. गीतेने इतकी स्वच्छ कबुली देऊन ठेवल्यावर आपण एकट्याने पुरे पडू, असे गृहीत धरण्याचे कारण नाही.

त्या मुलाविषयी थोडे लिहितो. तो मान खाली घालून उभा राहिला, हे तुम्ही शिस्तीची खूण म्हणून नोंदवलेले नसेल अशी आशा करतो. शिक्षणसेवक म्हणजे तीन वर्षे मानधनावर काम करणारा, आणि ज्याच्या कायम होण्याच्या कागदावर तुमचे मत लागणार असा माणूस. त्याचे गप्प राहणे हा संयम नव्हता, ती लाचारी होती, आणि आपल्या समाजात या दोहोंची फार गल्लत होते. मोलकरीण बोलत नाही म्हणून ती समजूतदार, सून बोलत नाही म्हणून ती सोशिक, हाताखालचा बोलत नाही म्हणून तो शिस्तीचा. ज्याला बोलता आले असते आणि तरी बोलला नाही, त्याच्याच गप्प राहण्याला संयम म्हणावे. आठवीपर्यंतच्या वर्गातल्या एखाद्या मुलाची वही तुम्ही अशी सर्वांसमोर उडवून त्याचा अपमान केला असता, तर २००९ च्या शिक्षण हक्क कायद्यातले मानसिक छळाला बंदी करणारे सतरावे कलम तुमच्या आड आले असते. त्याच मुलांना शिकवणाऱ्या तरुणाला ते कलम नाही, त्याला तुमच्या चांगुलपणावरच विसंबावे लागते.

त्याला वक्तशीर आणि काटेकोर करावे हा तुमचा हेतू चांगला आहे. त्याबद्दल एक प्रयोग सांगतो. लहान मुलांपुढे एक गोड वडी ठेवायची आणि पंधरा मिनिटे थांबलास तर दुसरी मिळेल असे सांगायचे, ही अमेरिकेतली जुनी चाचणी तुम्ही ऐकलेली असेल. २०१३ साली प्रसिद्ध झालेल्या रॉचेस्टर विद्यापीठातल्या अभ्यासात अठ्ठावीस मुलांवर तिचे वेगळे रूप करून पाहण्यात आले. आधी निम्म्या मुलांना चांगले रंग आणून देण्याचे वचन देऊन ते पाळले, निम्म्यांना दिलेले वचन मोडले, आणि मग वडी पुढे ठेवली. वचन पाळलेली मुले सरासरी बारा मिनिटे थांबली आणि वचन मोडलेली तीन. नमुना लहान आहे, त्यावर इमले बांधू नयेत, पण वर्गात आयुष्य घालवलेल्या तुम्हाला यातले सत्य ओळखीचे वाटेल. मोठ्यांच्या शब्दाचा भरवसा असेल तिथे धाकट्यांना धीर धरणे जमते.

आणखी एका धोक्याची सूचना करतो. तुमच्या शाळेत अशी माणसे असतीलच जी म्हणत असतील, "सरांचा राग आईचा राग आहे." त्यांच्यापासून सावध राहा. २५ नोव्हेंबर १९४९ रोजी घटना समितीतल्या अखेरच्या मोठ्या भाषणात डॉ. आंबेडकरांनी सांगितले होते की, धर्मातली भक्ती आत्म्याच्या मुक्तीचा मार्ग असू शकेल, पण राजकारणातली भक्ती अधःपतनाकडे आणि अखेर हुकूमशाहीकडे नेते. माणूस कितीही थोर असला तरी आपले स्वातंत्र्य त्याच्या पायाशी ठेवू नये, हे इंग्रज तत्त्वज्ञ जॉन स्टुअर्ट मिलचे म्हणणे त्यांनी तिथे उद्धृत केले होते. देशाला लागू असलेले हे तत्त्व शाळेच्या कार्यालयापाशी येऊन थांबत नाही. तुमच्यावर प्रेम करणारे लोक तुमची पडलेली अर्धी भिंत पुन्हा बांधून देणार नाहीत, कारण ती पडली आहे हेच त्यांना दिसत नाही.

म्हणून माझा सल्ला असा. मौनाचा दिवस सुरू करू नका. साहेबाचे मौन हाताखालच्यांना तप वाटत नाही, शिक्षा वाटते, आणि बाईंशी दोन आठवडे न बोलून तुम्ही ती एकदा दिलेली आहे. नवा कोणताही नेम घेऊ नका. त्याने तुमच्या नावावरचे तेज वाढेल आणि तुमच्याविरुद्ध बोलणे आणखी अवघड होईल.

बाईंना परीक्षा विभागाचे काम लेखी परत द्या. ज्याच्याकडे ते दिले होते त्याला कारण स्वतः सांगा, म्हणजे दोघांत वितुष्ट येणार नाही. मग बाईंना भेटून विचारा की, पुन्हा असे घडताना दिसले तर तुम्ही मला थांबवाल का, आणि कोणते शब्द वापराल. त्यांनी नकार दिला तर तो माना, कारण एकदा हात पोळलेल्या माणसावर असे ओझे लादता येत नाही. अशा वेळी पर्यवेक्षकांना विचारा. होकार मिळाला तर पुढच्या बैठकीत सर्वांसमोर सांगा की हा हक्क मी स्वतः दिला आहे. ही व्यवस्था गुपचूप ठेवली तर तिचा उपयोग अर्धाच होईल.

शिक्षणसेवकाची माफी त्याच स्टाफरूममध्ये, शक्यतो त्याच चौदा जणांसमोर आणि शिपाईही हजर असताना मागा. चारचौघांत अपमान करून केबिनमध्ये बोलावून माफी मागणे हा हिशेब जुळत नाही, हे गणिताच्या शिक्षकाला मी सांगायला नको. माफीच्या वाक्यात 'पण' हा शब्द येऊ देऊ नका. टाचण अपुरे होते हे खरे असले, तरी ते दुसऱ्या दिवशी लेखी सूचनेतून सांगता येईल. त्याने लगेच हसून "नाही सर, तसे काही नाही" म्हटले तर त्यावर विसंबू नका, कारण त्याला दुसरे काही म्हणण्याची मुभा नाही. म्हणून त्याच्या कायम होण्याविषयीचे मत एकट्याने लिहू नका. पर्यवेक्षकांना त्याचे तीन-चार पाठ पाहू द्या, त्यांची निरीक्षणे आधी लेखी घ्या, आणि मग तुमचे मत जोडा. रागाच्या दिवशी कोणाच्याही बदलीचा, कामवाटपाचा किंवा नोटिशीचा कागद सही करायचा नाही, तो रात्रभर वरिष्ठ लिपिकाच्या टेबलावर राहील, एवढा एक नियम करा आणि तो लिपिकाला सांगून ठेवा.

घरचे सर्वांत अवघड आहे, कारण तिथे पर्यवेक्षक नसतो. फाटकाशी गाडी वाजली की टीव्ही बंद होतो, हे वाक्य तुमच्या पत्नीने तुम्हाला तोंडावर सांगितले, म्हणजे तिथे पराणी अजून शाबूत आहे. तिला स्पष्टीकरण देऊ नका. आज संध्याकाळी गाडी गल्लीच्या तोंडाशी उभी करा, चालत घरी जा, आणि टीव्ही चालू असेल तर मुलांशेजारी बसून जे चालले असेल ते शेवटपर्यंत बघा.